धडकेवरची बंदी

फार पूर्वी, माणसांनी हेल्मेट शोधण्याच्याही आधी, अमेरिकेतल्या एका माळावरचे प्राणी दाणापाण्याच्या बोलीवर तिकडचा, चेंडू हातात घेऊन पळायचा फुटबॉल खेळत. ससा लांबट चेंडू पोटाशी धरून पळे आणि एडका पुढे राहून, समोरच्यांना डोक्याने धडका देत, त्याला वाट करून देई. आठ हंगाम असे गेले आणि एके दिवशी एडक्याला स्वतःच्या कोकराचं नाव आठवेना.

तेव्हा तो सभेत उभा राहिला. "मंडळी, डोक्याने धडक द्यायला बंदी करा. माझ्यानंतर येणाऱ्यांची डोकी तरी वाचतील."

"आठ वर्षांनी चाललं म्हणायचं डोकं!" माकड ओरडलं.

सभा हसली. दुपारपर्यंत वाद झाला, पण नियम मंजूर झाला आणि संघनायक गव्याने एडक्याला हारही घातला. मग नव्या संघाची यादी वाचली गेली. एडक्याच्या जागी पंजांनी ढकलणारं अस्वल होतं.

"गवेदादा, माझं नाव राहिलं."

"राहिलं नाही, काढलं. धडकेशिवाय तुम्हाला येतं काय, एडकेराव? आणि दाणापाणी यादीतल्यांनाच मिळतं."

एडक्याने सशाकडे पाहिलं. ससा अस्वलाला विचारत होता, "मी तुमच्या डावीकडून पळू, की उजवीकडून?"