बोलकी घार आणि ढिलं जाळं

“कोंबडीसुद्धा अंडं घातलं की कोकलते. ही सून आणलीय, तिच्या तोंडून चकार शब्द नाही.”

एकदा काय झालं, नाखवीण असं नाखव्याला सांगत होती, आणि खुराड्यामागे झाडणाऱ्या नव्या सुनेनं, आवडीनं, ते ऐकलं. ऐकलं आणि झाडत राहिली.

आवडी घाटावरची, बाजा विणणाऱ्यांची लेक. माहेराहून तिला आंदण मिळाली होती एक ठिपक्यांची कोंबडी आणि तिची नऊ पिल्लं. पण त्या गावात एक घार होती, बरं का, माणसासारखी बोलणारी. रोज दुपारी यायची, “आज जेवायला काय?” विचारायची आणि पिल्लू उचलायची. उरली तीन.

नाखवीण म्हणाली, “पिल्लंच गेली तर कोंबडी कशाला पोसायची? जत्रेच्या रश्शात घालू.”

आवडीनं झाडू टाकला आणि कोंबडी कवेत घेतली.

नाखवा म्हणाला, “परस झाकू. पण लोखंडी जाळीचं नाव काढू नका, होडी विकावी लागेल.”

मग पहिल्या दिवशी नाखव्यानं माडाच्या झावळ्या घातल्या. खाली झाला काळोख. कोंबडीला आणि पिल्लांना वाटलं रात्र झाली, भर दुपारी दांडीवर चढून झोपली. मग वारा आला आणि झावळ्या उडाल्या. “झोपलेलं पिल्लू मऊ लागतं,” घार म्हणाली, आणि नेलं.

मग दुसऱ्या दिवशी नाखविणीनं आपलं जुनं लुगडं बांधलं. घार त्यावर बसली, लुगडं टर्रकन फाटलं. “काठ छान होते हं,” म्हणाली, आणि नेलं.

मग तिसऱ्या दिवशी आवडीच्या नवऱ्यानं, धर्मानं, माळ्यावरचं जुनं जाळं काढलं. फुकटचं, शिवाय ऊन-वारा आरपार. पण दर्यावरची माणसं ती! पाण्यात सोडतात तसंच सोडलं, ढिलं, पोट सुटलेलं. ते पोट शेवटच्या पिल्लाच्या पाठीला टेकलं. घारीनं वर बसून चोच खाली घालायचाच अवकाश.

आवडी उठली. बाजेची दोरी आवळावी तसा एक कोपरा खांबाला आवळला. मग दुसरा. मग तिसरा. चौथा काही तिला एकटीला ओढवेना. वर घारीची सावली फिरायला लागली, आणि तिघं आपली उभीच.

“असं ताणतात होय जाळं?” नाखवा म्हणाला. “यात बोंबीलसुद्धा अडकायचा नाही!”

“घाटावरचं डोकं,” नाखवीण म्हणाली.

मग आवडी बोलली. अशी बोलली, की तिघंही धावली आणि चौथा कोपरा ओढला. जाळं बाजेसारखं ताठ झालं. घार आदळली, उसळली. पुन्हा आदळली, पुन्हा उसळली. तिसऱ्यांदा उसळली ती थेट शेजारच्या चिंचेत. “यांच्याकडे आता पाहुण्याला मान नाही,” म्हणाली, आणि गाव सोडून गेली.

मग पिल्लू मोठं झालं, कोंबडी म्हातारी झाली, आणि घरातली सगळी पोटभर अंडी खाऊन सुखात राहिली. चला, मिटा डोळे.

आवडी काय बोलली होय? एवढंच बोलली, “मामंजी, मासा धरायचा नाहीये, घार अडवायचीय. उभे काय राहिलात, ओढा!”