झिलेचा माळ

माणदेशात हिवरवाडीच्या वर एक बोडका माळ आहे. त्यावर बिरोबाचं देऊळ, आणि देवळाच्या पाठीशी लोखंडी मनोरा असलेली दोन खोल्यांची इमारत. ते रेडिओ केंद्र. त्यावर धनगरी ओव्या, भेदिक, भलरी, जात्यावरची गाणी, सगळं रानातलं आणि घरातलं गाणं लागतं. सकाळी सात वाजता पहिली ओवी सुरू होते, तेव्हा गाण्याच्या खोलीचं दार सताड उघडं असतं. गाणारा एक ओळ म्हणतो आणि गप्प बसतो. पुन्हा एक ओळ, पुन्हा गप्प. नवख्या पाहुण्याला वाटतं, यंत्र बिघडलं. मग देवळातले पुजारी त्याला पायरीवर बसवून घेतात आणि मायाप्पा पांढऱ्याची हकिकत सांगतात.

मायाप्पा हा या मुलखातला नावाजलेला ओवीकार. धनगरी ओवी एकट्याची नसते. एकाने ओळ सोडायची आणि दुसऱ्याने तिचं शेपूट उचलून धरायचं. त्या उचलण्याला झील म्हणतात. मायाप्पाचा झिलकरी होता त्याचा मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा सिदू. दोघं चाळीस वर्षं जोडीनं गायले. मायाप्पा श्वास कुठं घेणार ते सिदूला आधी कळायचं, असं सांगतात.

पुढं सिदूच्या गळ्याचं दुखणं निघालं. मिरजेला नेऊन शस्त्रक्रिया केली. जीव वाचला, आवाज गेला. सिदू घरी आला त्या दिवशी मायाप्पानं बिरोबासमोर भंडारा उचलला आणि शपथ घेतली, की सिदूची झील बसली तिथं माझी ओवीही बसली. दुसरा झिलकरी मी घेणार नाही. त्यानंतर तीन वर्षं त्यानं जत्रेतसुद्धा तोंड उघडलं नाही. लोक म्हणायचे, मैत्र असावं तर असं. मायाप्पालाही तसंच वाटायचं.

त्याच सुमारास रत्नप्रभा कोष्टी नावाच्या निवृत्त शिक्षिकेनं माळावर हे केंद्र सुरू केलं. आपल्या भागातली गाणी आपल्याच हवेतून जावीत, एवढाच तिचा हेतू. गावोगावच्या म्हाताऱ्या येऊन गाऊन गेल्या, भजनी मंडळं येऊन गेली. पण ऐकतंय कोण, याचा पत्ता लागेना. पत्र येईना, निरोप येईना. शेवटी चालवणाऱ्या संस्थेनं कळवलं, की दसऱ्यापर्यंत बघू, नाहीतर कुलूप. बाईंनी मायाप्पाच्या घरी चार खेपा घातल्या. तो दर वेळी चहा पाजायचा आणि नाही म्हणायचा.

भाद्रपदातल्या एका दुपारी त्याची बहीण केराबाई आली. मायाप्पा मेंढ्यांच्या वाड्यात लोकर कातरत होता. ती उभ्यानंच बोलली.

"दादा, तू गायाचं सोडलंस, ते कुणासाठी?"

"सिदूसाठी. तुला काय ठावं न्हाई?"

"त्यांनी सांगितलं हुतं?"

मायाप्पाची कातर थांबली.

"रोज सकाळी त्यो रेडू कानाला लावून बसत्यात," केराबाई म्हणाली. "येक येक गाणं ऐकत्यात. तुझं येत न्हाई म्हणून मग भिताडाकडं तोंड करून पडत्यात. त्यांचा आवाज देवानं नेला. तुझा तू नेलास. येकाच माणसाला दोनदा का मारलंस?"

ती पाणीही न पिता गेली. मायाप्पानं अर्धी कातरलेली मेंढी तशीच सोडून दिली, म्हणे. तीन वर्षं ज्याला तो त्याग समजत होता, त्याचं ओझं दुसराच वाहत होता, हे त्याला त्या दिवशी कळलं. संध्याकाळ व्हायच्या आत तो माळ चढला.

"गातो," तो रत्नप्रभाबाईंना म्हणाला. "अर्धी आण मोडतो, पर झिलकरी घेणार न्हाई. सिदूची जागा कुणा येकाला द्यायची न्हाई, ही आण हाय. ती जागा म्या रिकामी सोडणार."

बाई म्हणाल्या, "मायाप्पा, रेडिओ मध्येच गप्प झाला, तर लोकांना वाटतं केंद्र बंद पडलं."

"वाटू द्या."

बाईंनी दुसऱ्या दिवशीची सात वाजताची वेळ त्याच्या नावानं लिहून टाकली. केराबाईनं ही बातमी रात्र पडायच्या आत वाड्यावाड्यांवर पोचवली.

सकाळी संस्थेचे दोघे जण केंद्र बघायला म्हणून आले होते. ते बाहेर पडवीत बसले. आत कोंदट, बंद खोलीत मायाप्पा घोंगडं अंथरून बसला. लाल दिवा लागला. त्यानं कानावर हात ठेवला आणि ओळ सोडली:

"उगवतीच्या अंगाला गा, माळ झाला पिवळा..."

आणि थांबला. खोलीत सुई पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. त्यानं मनात सिदूचं शेपूट मोजलं आणि दुसरी ओळ घेतली. पुन्हा शांतता. तिसरी ओळ त्यानं कशीबशी सोडली. वाटलं, आपण चुकलो, ही ओवी लंगडीच राहणार. काचेपलीकडं त्याला दिसलं, की रत्नप्रभाबाई खुर्चीवरून उठल्या आहेत. लाल दिवा लागला असताना दार उघडायचं नाही, हा त्यांचाच नियम. त्यांनी ते दार सताड उघडलं.

बाहेरून झील येत होती.

हिवरवाडीच्या उंबऱ्यांवरून येत होती, खालच्या ओढ्यावरून येत होती. मेंढक्यांनी काठीला रेडिओ अडकवले होते आणि कळपामागून चालता चालता ते सिदूच्या जागेवर आवाज टाकत होते. बायका, पोरं, म्हातारे. सूर एक नव्हता, पण जागा कुणी चुकलं नाही. ती झील उघड्या दारातून आत आली, ध्वनिक्षेपकात शिरली आणि पुन्हा गावोगाव गेली. पडवीतले दोघे उभे राहिले होते. कुलपाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

नवव्या ओवीला सिदू माळावर पोचला. गळ्यात ढोल, मागं केराबाई. तो उंबऱ्यावर बसला आणि त्यानं ढोलावर थाप दिली. मायाप्पानं त्याच्याकडं पाहिलं आणि ओवी न तोडता तो पुढं गात राहिला. त्या दिवशी बातम्या नऊऐवजी साडेअकराला लागल्या, असं सांगतात.

आता ते दोघंही नाहीत. गाणारे बदलले, यंत्रं बदलली. मध्यंतरी शहरातून एक हुशार तंत्रज्ञ नोकरीला आला. त्याला ती रिकामी जागा खटकली. त्यानं एके सकाळी चांगल्या गळ्याची झील ध्वनिमुद्रित करून तिथं बसवली. आठ वाजायच्या आत पाच वाड्यांची माणसं माळावर हजर झाली. आवाज कुणी चढवला नाही. एक म्हातारी पुढं झाली आणि म्हणाली, "बाबा, तुझं गाणं झ्याक हाय. पर आमची जागा आमास्नी दे."

त्यानं ती झील तिथंच पुसून टाकली. आजही माळावरची पहिली ओवी एकच माणूस म्हणतो, आणि सात वाजता या पंचक्रोशीत कुणी घरात गप्प बसलेलं सापडत नाही.