बुटक्या स्प्रिंगा

एका घाटमाथ्यावरच्या गावात इलाही वस्ताद नावाचे वृद्ध मिस्त्री गॅरेज चालवीत. सर्जेराव सात वर्षांपासून त्यांचा शिष्य. एकदा वस्ताद दोन दिवस परगावी गेले आणि या शिष्योत्तमाने स्वतःच्या जबाबदारीवर पहिले काम घेतले.

एका तरुण व्यापाऱ्याला आपली मोटार जमिनीलगत बसवून हवी होती. सर्जेरावाने मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड, कडक स्प्रिंगा घातल्या. शॉकअप नवेच होते, ते तसेच ठेवले. गाडी काय देखणी दिसू लागली म्हणता!

दुसऱ्या दिवशी व्यापारी चाकांतली हवा तपासायला गॅरेजपाशी थांबला. मागच्या सीटवर त्याची पत्नी होती. तिला सातवा महिना लागला होता आणि घाट उतरून ती माहेरी चालली होती. नुकत्याच परतलेल्या वस्तादांनी बॉनेटचा कोपरा दाबून सोडला. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. वस्तादांचा चेहरा पडला.

"शॉकअप बदललेस?"

"नाही वस्ताद. नवेच होते की!"

वस्ताद खाली बसले आणि त्यांनी पुढच्या चाकाची हवा सोडून दिली. मग मागच्याचीही. एक चाक बदलता येते, म्हणून दोन!

"अहो, डोकं फिरलं का तुमचं?" व्यापारी ओरडला. "तिकडं माणसं वाट बघत बसलीत!"

सर्जेराव पुढे आला. "वस्ताद, मी चालवून बघितली. सुतासारखी पळत होती."

"सपाट रस्त्यावर कुठलीही गाडी शहाणी असते रे," वस्ताद म्हणाले. "स्प्रिंग उसळते, शॉकअप तिला आवरतो. तू उसळणारी बदललीस आणि आवरणारा जुन्या मऊ स्प्रिंगेच्या मापाचाच ठेवलास. गाडी खाली बसल्यानं त्याला दबायला जागाही राहिली नाही. वळणावर खड्डा आला, की शॉकअप टेकणार, स्प्रिंग उसळणार आणि चाक रस्ता सोडणार. मग ब्रेक दाबून काय उपयोग? तुझ्या बहिणीला बसवशील यात?"

घाटातले प्रत्येक वळण सर्जेरावाला ठाऊक होते. तो खिडकीशी गेला आणि त्याने हात जोडले. "वहिनी, उतरा. चूक माझी आहे."

ती सावकाश उतरली. "बरं झालं, भाऊ. घरापासून इथवर जीव मुठीत धरून आले. प्रत्येक खड्ड्याला पोट धरत होते."

"मग बोलली का नाहीस?" व्यापाऱ्याने विचारले.

"तुम्ही किती खुशीत होता!"

व्यापाऱ्याने डिकीतून तिची पिशवी काढली, तिचा हात धरला आणि दोघे एसटीच्या थांब्याकडे चालू लागले.

आपणही उसळी वाढवण्यापूर्वी आवर वाढवावा. मागे बसलेले माणूस सहसा बोलत नाही.