मोहझरीचं पाणी

"तिला का पाठवलंत, बाबा?"

हरबाजीबाबा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मान वर केली नाही.

"कुणाला?"

"कौतिकाला. मोहझरीत मी जाऊन आलो होतो. घरोघरचं पाणी तपासलं. चांगलं आहे म्हणून सांगितलं. तरी माझ्या मागून तिला पाठवलंत. माझ्यावर भरवसा नाही?"

"शेंगा सोल," बाबा म्हणाले.

निळकंठ बसला नाही. उभाच राहिला, आणि उभा राहून जळत राहिला.

निळकंठ मठातला सगळ्यांत जुना शिष्य. बाबांच्या मागे गादी त्याचीच, असं चार लोक म्हणत. पाचवा तो स्वतः, मनातल्या मनात. सगळं नीट चाललं होतं. मग कौतिका आली. नवऱ्यानं टाकलेली, तोंडाची फटकळ, आणि आल्या दिवसापासून बाबांना हसवणारी. निळकंठाच्या एवढ्या वर्षांच्या सेवेत बाबा असे कधी खदखदून हसले नव्हते. झालं! तिथून त्याच्या पोटात दुखायला लागलं. तिनं भाकरी केली तरी दुखे, भजन म्हटलं तरी दुखे.

त्यात हे पाण्याचं निघालं.

तालुक्याहून पाणी खात्याचा एक माणूस आला आणि तपासणीची पेटी मठात ठेवून गेला. आमच्याकडे लोक साहेबाचं ऐकून घेतात आणि बाबाचं ऐकतात, हे त्या शहाण्याला कळलं होतं. पेटीत काय, तर काचेच्या नळ्या आणि औषधाची बाटली. नळीत पाणी घ्यायचं, वर औषधाचे थेंब टाकायचे. रंग गुलाबी राहिला तर पाणी बरं. पिवळा पडला तर फ्लोराइड जास्त. ते दिसत नाही, त्याचा वास येत नाही. पण वर्षानुवर्षं पोटात गेलं की पोरांचे दात तपकिरी पडतात, गुडघे वाकतात, आणि धडधाकट माणसाची मान आखडून बसते.

निळकंठाच्या नळ्या सगळ्या गुलाबी. त्यानं लगेच मोहझरीच्या पारावर उभं राहून सांगून टाकलं, "बोरिंगचं पाणी अमृत आहे. खुशाल प्या."

कौतिका दोन दिवसांनी गेली. तेच गाव, तीच घरं. तिच्या नळ्या सगळ्या पिवळ्या.

आणि उद्या मोहझरीची ग्रामसभा. बोरिंग चालू ठेवायचं की तांबडा रंग मारून बंद करायचं, ते उद्या ठरणार. गाव मठाच्या शब्दाची वाट बघत होतं. मठात दोन शब्द झाले होते.

"ती खोटं बोलते," निळकंठ म्हणाला.

"कशाला बोलेल?"

"मला खाली पाडायला."

"तुला खाली पाडायला ती अख्ख्या गावाचं बोरिंग बंद पाडेल?"

निळकंठ म्हणाला, "तुम्ही तिचीच बाजू घेणार."

बाबांनी हातातली शेंग खाली ठेवली. "तिनं बाटल्यांत पाणी भरून आणलं होतं. आण त्या. तुझ्या हातानं तपास."

निळकंठानं वाकून एक शेंग सोलायला घेतली.

"आण."

"सांडलं ते."

"सगळ्याच बाटल्या?"

"...सगळ्याच."

"एकदम?"

आतून, चुलीपाशी बसलेल्या कौतिकाचा आवाज आला. "एकदम नाई, बाबा! एक-एक करून. मी खिडकीतून पाहत होती ना. समद्या तुळशीत ओतल्या यांनी. आता तुळसबी वाकडी झाली तं मले सांगू नका."

बाबा हसले. पोट धरून हसले.

निळकंठाच्या अंगाचा तिळपापड झाला. चोरी पकडली गेली त्याचं त्याला एवढं लागलं नाही. बाबा हसले, तेही तिच्याच बोलण्यावर हसले, ते लागलं.

"पाहत होतीस तर अडवलं का नाहीस?" बाबांनी विचारलं.

"कायले अडवू? मोहझरीतलं पाणी सरलं थोडीच!"

बाबा उठले. काठी घेतली.

"मला तहान लागली."

निळकंठ माठाकडे धावला.

"इथलं नको. मोहझरीचं पाहिजे."

मोहझरी नाल्यापलीकडेच. तिघं निघाले. निळकंठानं पेटी कौतिकाच्या हाती लागण्याआधीच खांद्याला लावली आणि बाबांच्या अगदी जवळून चालू लागला. पायवाट अरुंद होती. दोघांना जागा होती, तिसऱ्याला नव्हती. कौतिका मागून गुणगुणत येत होती. त्याचासुद्धा त्याला राग येत होता.

पहिलं घर पार्बताबाईचं. बाबांना पाहून म्हातारीची धांदल उडाली. ओसरीवर सतरंजी पडली, बाबांसाठी आणि निळकंठासाठी. निळकंठ बसला. कौतिकाला कोणी बस म्हटलं नाही, आणि तिनं वाटही पाहिली नाही. ती उंबऱ्यात पार्बताबाईच्या नातीशी खेळत बसली.

पार्बताबाई आत गेली आणि घासून लखलखीत केलेल्या तांब्यात पाणी घेऊन आली.

बाबांनी तांब्या हातात घेतला. प्याले नाहीत.

"कुठलं पाणी गं माय?"

"पिण्याचंच हाय, बाबा."

"कोण पितं हे?"

"तुम्ही."

"आणि तुम्ही सगळे?"

म्हातारी पदराशी चाळा करू लागली.

"...आमी तं बोरिंगचंच पितो ना, बाबा. हे झिऱ्याचं हाय. नाल्याच्या रेतीत झिरा खोदते सून, आन तिथून एक पितळी गुंड भरून आणून ठेवते. पाव्हण्यासाठी. बोरिंगच्या पाण्यानं डाळ शिजत नाई, चहाले चव येत नाई. ते तुमाले कसं देऊ?"

निळकंठ ताडकन उठला.

"पार्बताबाई! म्हणजे मलाही हेच दिलंत? मी पाणी प्यायला नव्हतं मागितलं! तपासायला मागितलं होतं!"

"हो ना, महाराज. तपासायलेच दिलं."

"मग हे झिऱ्याचं का दिलं? घरात पिता ते द्यायचं ना!"

"आता घ्या!" म्हातारीला खरंच नवल वाटलं. "आमाले वाटलं, मठात जाणार ते. बाबांच्या हाती जाणार होतं. तपासायचं म्हणून काय मचूळ पाणी धाडायचं? चार गावं काय म्हणतील? मोहझरीवाल्यांनी बाबांले मचूळ पाणी धाडलं म्हणतील."

"आणि बाकीची घरं? त्यांनी कुठलं दिलं?"

"ज्यांच्या घरी झिऱ्याचं नव्हतं, त्या बाया माह्याच गुंडातलं घेऊन गेल्या. तुम्ही ओसरीवर बसले होते ना महाराज, म्हणून समद्या मागच्या दारानं आल्या."

कौतिका फिस्सकन हसली. निळकंठाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घरोघर फिरून, पाय धुवून घेऊन, सतरंज्यांवर बसून त्यानं एकाच गुंडातलं पाणी पुन्हा पुन्हा तपासलं होतं, आणि प्रत्येक वेळी गुलाबी रंग पाहून मान डोलावली होती.

पण मत्सर असा एका फटक्यात मरत नाही हो. त्यानं बोट कौतिकाकडे केलं.

"मग हिला बोरिंगचं कसं दिलंत? तीही मठातूनच आली होती!"

"हिले कोण देते? ही तं सरळ सैपाकघरात घुसली. लय तहान लागली माय म्हणे, आन मडक्यात पेला बुडवला. मी हाय-हाय करतो तंवरक पिऊनबी झाली."

"तहान लागली होती तं काय करू?" कौतिका म्हणाली. "पेऊन झाल्यावर ध्यानात आलं, नळी भरायची राहिली. मग तिथूनच नळीबी भरली, बाटलीबी. पुढच्या घरी म्या तसंच केलं. ओसरीवर मले कोणी बसाच म्हणत नव्हतं."

बाबांनी तांब्या तसाच खाली ठेवला.

निळकंठ आत गेला. मडक्यातलं पाणी त्यानं स्वतःच्या हातानं नळीत घेतलं, ओसरीवर आणलं आणि वर औषधाचे थेंब टाकले.

गुलाबी... गुलाबी... मग बघता बघता गुलाबी विरत गेलं आणि नळीत हळदीच्या पाण्यासारखं पिवळं उरलं.

नातीला रंग बदलण्याची भारी गंमत वाटली. ती खळखळून हसली. पुढच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे होते.

पार्बताबाईनं नळीकडे पाहिलं, मग नातीकडे पाहिलं. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"उकळून देऊ का पोरीले, बाबा?" तिनं नातीला जवळ ओढलं.

"उकळून जात नाई ते, माय," कौतिका म्हणाली. "पाणी आटते आन ते तेवढंच राह्यते. उलट कडक होते."

हे मला सांगायचं होतं, असं निळकंठाच्या मनात आलं. समोर पोरीचे दात, हातात पिवळी नळी, म्हातारीचे डोळे भरलेले, आणि मनात काय, तर हिनं माझ्या आधी सांगितलं! त्याची त्यालाच किळस आली. पण आलं ते आलंच.

परत येताना नाल्याच्या काठाशी तो थांबला.

"उद्या सभेत कौतिकाच बोलेल," तो म्हणाला. "तिनंच शोधलं. तिचाच मान."

शेवटचा शब्द त्याच्या तोंडून थुंकीसारखा बाहेर पडला.

"नाही," बाबा म्हणाले. "तू बोलायचं."

"मी? पारावर उभं राहून अमृत मीच म्हणालो होतो!"

"म्हणून तूच."

"बोरिंग बंद झालं की टँकर येईपर्यंत बायांना झिऱ्यावर यावं लागेल. भर उन्हात. शिव्या मला पडतील."

"पडतील."

"ही हसेल."

"हसीनच," कौतिका म्हणाली. "पण मग घागरी आणाले मीबी येईन."

निळकंठ रेतीत खाली बसला. बाबा काठीवर हात ठेवून उभे होते. घाई कुणालाच नव्हती.

"बाबा..."

"बोल."

"खरं सांगू? मला वाटत होतं, हिचं पिवळं खोटं निघावं. पोरांचे दात गेले, हाडं गेली, तरी चालेल. पण हिचं खोटं निघावं. बाटल्या ओतताना मला हेच वाटत होतं."

"आणि आता?"

निळकंठानं कौतिकाकडे पाहिलं. ती काठावर पाय सोडून बसली होती.

"...अजून थोडं वाटतं."

बाबांनी मान हलवली. रागावले नाहीत.

"उद्या बोलशील?"

"बोलेन. चुकलो म्हणेन. बोरिंगचं पाणी पोरांना देऊ नका म्हणेन. बाटल्या मी ओतल्या, तेही सांगेन." त्यानं डोळे पुसले. "पण बाबा, मग परवापासून मोहझरीत मला कोण विचारतंय? कोणी ओसरीवर बस म्हणणार नाही. सतरंजी टाकणार नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा कोणी पुढे करणार नाही."

बाबा नाला ओलांडून पलीकडे गेले. मग वळले.

"मग परवा जा," ते म्हणाले, "आणि पाणी माग. घरात पितात तेच देतील."