महाराजांच्या तोंडावळ्याचा भोपळा

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर माफ करा. शाळा मी लवकर सोडली, त्यामुळे शब्दही साधेच येतात. पण आमच्या परसातला भोपळा मात्र साधा नव्हता. तो आमचं घर पाडायला निघाला होता!

आधी तो गोठ्याएवढा झाला. मग त्याने स्वयंपाकघराची भिंत ढकलली आणि तो थेट आत आला. आई चुलीपाशी बसली की भोपळा तिच्या पाठीला टेकायचा.

"शिदू, अख्खा भोपळा बाईमाणसाने कापायचा नसतो," आई ओरडली. "घरातला पुरुष तू. घाल पहिली सुरी, नाहीतर उद्या हा माझ्या मांडीवर बसेल!"

मी सुरी उचलली, तेवढ्यात दारात घोडे थांबले. भोपळ्याची बातमी ऐकून राजे गजेंद्रराव स्वतः बघायला आले होते. मी त्यांचा न्हावी. रोज सकाळी त्यांची दाढी करतो. मी लाजाळू, दाढी करताना तोंड उघडत नाही, म्हणूनच त्यांनी मला ठेवलं होतं.

महाराज भोपळ्याभोवती फिरता फिरता थबकले.

"दिवाणजी, हे नाक बघा!"

भोपळ्याला मधोमध भला मोठा फुगवटा होता आणि त्याच्या खाली वळ्या पडलेली हनुवटी.

"हुबेहूब आपलंच, महाराज!" दिवाणजी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"म्हणजे हा भोपळा म्हणजे मीच! मुजरा करा!"

सगळ्यांनी मुजरा केला. आईनेही केला आणि विचारलं, "महाराज, मग आता याला पाणी घालायचं की ताट वाढायचं?"

"मला जे चालतं ते याला चालेल, आणि मला जे चालत नाही ते यालाही चालणार नाही! आणि हो, चवीलाही हा माझ्यासारखाच राजेशाही असणार. उद्या गावजेवण! सगळ्यांना याचीच भाजी!"

"पण महाराज, कापायचा कोणी?" दिवाणजींनी विचारलं.

"कापायचा? मला? सुरी लावेल त्याला हत्तीच्या पायी देईन!"

"मग न कापता भाजी कशी..."

"ते मी सांगू? मी राजा आहे की आचारी? शब्द दिला तो दिला! उद्या दिवस मावळायच्या आत भाजी झाली नाही, तर हे घर पाडून इथे भोपळ्याला महाल बांधा."

"आणि आम्ही कुठे राहायचं?" आई म्हणाली.

"ते भोपळ्याला विचारा!"

दुसऱ्या दिवशी महाराज जेवायला आले आणि भोपळ्यावर छत्र धरलं गेलं. दोन हुजरे वारा घालू लागले. गल्लीभर चुली पेटल्या, कढया तापल्या, गाव पत्रावळ्या मांडून बसलं, पण भोपळ्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं. मोठ्या आचाऱ्याने तर हात जोडून भोपळ्याला विनंती केली, "महाराज, आपण होऊन फुटावं!" भोपळा ढिम्म!

ऊन उतरायला लागलं. कुदळी घेतलेले गवंडी भिंतीला टेकून उभे राहिले. आईने देवघरातले देव ओच्यात घेतले. ते पाहिलं आणि माझी लाज कुठे गेली कोण जाणे. मी आत जाऊन माझी हजामतीची धोकटी आणली, भोपळ्याच्या गळ्याभोवती पंचा गुंडाळला आणि त्याच्या गालाला पाणी चोळायला लागलो.

"हे काय चाललंय?" महाराज गरजले.

"दाढी, महाराज. आज आपली सकाळी झाली, यांची राहिली."

"वस्तरा लावणार? मला?"

"रोज लावतो, महाराज. गळ्यालासुद्धा."

महाराजांनी दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजींनी आभाळाकडे पाहिलं.

"बरं, कर," महाराज म्हणाले. "पण माझी करतोस तशीच. गुळगुळीत!"

"गुळगुळीत होईपर्यंत थांबत नाही, महाराज."

मी वस्तरा चालवला. साल उतरली. खालून केशरी, पातळ काप निघू लागले. आईने ते पंच्यातून उचलून कढईत टाकले. मोहरी तडतडली, हिंगाचा वास गल्लीभर गेला. काप इतके पातळ, की फोडणीत पडताच शिजत होते. आईने वरून गूळ आणि ओलं खोबरं घातलं.

"बस झालं!" महाराज म्हणाले.

"खरबरीत आहे, महाराज. हात फिरवून बघा."

महाराजांनी हात फिरवला. हाताला गराचे दोरे लागले. "हो रे! गालफडावर राहिलंय. चालू दे!"

गालफड गेलं. हनुवटी गेली. पहिली पंगत उठली, दुसरी बसली. मी वस्तरा परजत होतो, महाराज मध्येमध्ये हात फिरवत होते आणि भाजी खात खात म्हणत होते, "अजून खरबरीत! शिदू, आज तुझं लक्ष नाही!"

शेवटची पंगत बसली तेव्हा पंच्यात फक्त बियांचा ढीग उरला होता. छत्र धरणारा बियांवर छत्र धरून उभा होता.

महाराजांनी बोटं चाटली आणि वळून पाहिलं.

"अरे! माझं नाक कुठे गेलं?"

"आत्ताच आपण दुसऱ्यांदा वाढून घेतलं, महाराज."

हत्तीने दूर कुठेतरी कान हलवला.

"म्हणजे मला संपवलंस तू!"

"छे, महाराज! दाढीच केली. ती पुन्हा वाढते." मी बियांची ओंजळ पुढे केली. "खुंट राखून ठेवलेत!"

महाराजांनी बिया पाहिल्या, रिकाम्या कढया पाहिल्या, स्वतःचं नाक चाचपलं आणि असे हसले, की आमची उरलेली भिंतही पडली!

"गवंड्यांनो! कुदळी ठेवा, थापी घ्या! याचं घर दगडात बांधून द्या. आणि मागचा माळ याच्या आईच्या नावावर करा. माझं नाक पुन्हा वाढेल, तेव्हा त्याला जागा लागेल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बिया माळावर लावल्या, घरापासून चांगल्या लांब. वस्तरा राखेने घासला, पण हिंगाचा वास काही जाईना. तसाच वाड्यावर गेलो. महाराज पंचा गुंडाळून बसले होते, नाक मुठीत घट्ट धरून.

"शिदू," ते नाकातून म्हणाले, "आजपासून थोडं खरबरीत राहिलं तरी चालेल."

मी मान डोलावली आणि मुठीला वळसा घालून हलक्या हाताने त्यांची दाढी केली.