दिलप्या पळाला म्हणे

शिकारीचं रान बंद झालं, तेव्हापासून झुंबरबाई फासेपारधीण गावाबाहेर पाल ठोकून राहत होती. एका संध्याकाळी तिचा थोरला, दिलप्या, चोरीच्या संशयावरून पोलिसांनी उचलून नेला. सकाळी ती भाकरी घेऊन ठाण्यात गेली, तर फौजदार म्हणाला, "तुझा लेक रातीच पळाला, म्हातारे. आता तूच हुडक."

नेमके त्याच दिवशी जिल्ह्याचे मोठे साहेब तपासणीला आले. बाईनं त्यांचे पाय धरले, तसा फौजदार पुढे सरसावला.

"साहेब, जातच चोरट्यांची! कौलं काढून निसटला. चारी वाटांना माणसं धाडलीत, गावोगाव शोध चालू आहे."

झुंबरबाई उठून उभी राहिली. 

"सायेब, तालुक्यात कुणाची कोंबडी हरवली तरी हे आधी माझं पाल उसकटत्यात. चुलीतली राख सुदिक उकरत्यात. आज ह्यांच्या हातचा माणूस पळालाय, अन् दिस डोक्यावर आला तरी माझ्या पालाकडं एक शिपाई फिरकला न्हाई. त्यो घरी येणार न्हाई, हे ह्यांना कसं ठावं?"

 साहेबांनी शेजारच्या शिपायाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली आणि ठाण्यामागच्या पडक्या विहिरीकडे बोट केलं.

फौजदाराचा पट्टा तिथंच उतरवला गेला. झुंबरबाईनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. विहिरीत सोडलेला दोर जड होऊन वर येत होता, तरी ती काठावर बसून देवीला विनवत होती, "आई, माझं बोलणं खोटं ठरू दे."