निर्दोष प्रश्न

"…पूर्वाश्रमीच्या पत्नीच्या निधनाची वार्ता प्राप्त झाल्यास यतीच्या मनःस्थितीचे स्वरूप कोणते असते?"

कागद खाली ठेवून विद्याधरनं चष्मा पुसला. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक तो. प्रबंधात प्रश्न कसा मांडावा, याचा नमुना म्हणून फळ्यावर लिहून द्यावं असं वाक्य होतं.

समोरचे स्वामी एके काळी त्याचे वडील होते. संन्यास घेऊन, घरदार सोडून ते नदीकाठच्या या मठात येऊन राहिले. पूर्वाश्रमाचा विषय इथे काढायचा नाही, असा नियम. म्हणून तर बिचाऱ्यानं एवढं सोवळं वाक्य रचलं होतं.

"वाक्य निर्दोष आहे," स्वामी म्हणाले. "विचारतंय कोण?"

"अभ्यासक."

"मग उत्तर सोपं आहे. अशी वार्ता आली की आम्ही नदीवर जाऊन स्नान करतो. विषय संपला."

आई गेल्याचा निरोप विद्याधरनंच धाडला होता. हा माणूस तिच्यासाठी रडला की नाही, एवढंच त्याला कळायला हवं होतं. बाकी प्रबंध वगैरे सगळा बहाणा.

"आपण केलंत स्नान?"

"केलं."

"…आणि संपला विषय?"

स्वामी मांडीवरचं वस्त्र सारखं करू लागले.

मग मात्र विद्याधरला राहवेना. "प्रश्नात 'मी' येऊ द्यायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत. लहानपणी पाटीवर 'मी' दिसला की बोटानं पुसून टाकायचात. आता विचारतंय कोण, हे मलाच विचारता?"

बोलून गेला, आणि मान खाली घालून बसला. लाज वाटली, पण राग काही गेला नाही.

बाहेर ओसरीवर शिष्य पाठ म्हणत होते. स्वामी भिंतीला धरून उठले. पाय ओढत दारापर्यंत गेले, दार लोटलं आणि कडी घातली. या खोलीला आजवर कधी कडी लागली नव्हती.

परत आले ते आसनावर बसले नाहीत. त्याच्या शेजारी, खाली फरशीवर बसले. तो कागद उचलून त्यांनी पालथा ठेवला.

"मी एक विचारू…?"

विद्याधरनं मान वर केली. स्वामींनी एकदा त्या कडीकडे पाहिलं.

"जाताना… माझ्यावर रागावलेली होती का रे ती?"